पऱ्हाटी पेटवण्याआधी : विदर्भातल्या गावात हवामानासाठी कुठून सुरुवात करावी

हवामान बदललं हे विदर्भातल्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारी वावरात उभं राहणं जिवावर येतं. पावसाचंही तसंच. पेरणी झाली की मोठा खंड पडतो, दुबार पेरणीची धास्ती लागते, आणि मग महिन्याभराचा पाऊस दोन दिवसांत कोसळून धुरे, म्हणजे वावराचे बांध, फोडून जातो. प्रश्न असतो तो एवढाच की गावात राहून आपण करायचं काय. हा लेख त्यांच्यासाठी आहे, जे यंदा पहिल्यांदाच काहीतरी करू पाहताहेत.

कामं मी हंगामाच्या क्रमानं मांडली आहेत, कारण गावात कुठलंही काम शेतीच्या कामांतून वेळ काढूनच होतं. सगळं एका वर्षात करायला जाऊ नका. एक विनंती मात्र आग्रहानं करतो : सुरुवात जाळणं थांबवण्यापासून करा. झाडं, सौर पॅनल, बाकी सगळं त्यानंतर.

जानेवारी ते मार्च : काडी लावू नका

कापसाचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, उपटायची, धुऱ्यावर ढीग रचायचे आणि संध्याकाळी काडी लावायची, ही आपल्याकडची जुनी रीत. सोयाबीनच्या कुटाराचं दिवाळीच्या आसपास तेच होतं, गव्हांड्याचं, म्हणजे गव्हाच्या काडाचं, उन्हाळ्यात. धुऱ्यावरचं गवतही पेटवलं जातं, आणि वारा फिरला की शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या, संत्र्याची झाडं, कधी बांधलेलं जनावर त्यात होरपळतं.

एकरभर कपाशीतून साधारण टनभर पऱ्हाटी निघते. ती पेटवली की त्यातला कार्बन आणि जवळजवळ सगळा नत्र हवेत जातो. मागे थोडी पालाशयुक्त राख उरते, तीही पहिल्या वावटळीत उडून जाते. म्हणजे आपणच खत जाळतो आणि जूनमध्ये दुकानातून पोती विकत आणतो. तोच काडीकचरा जमिनीत गेला तर सेंद्रिय कर्ब वाढतो. कर्ब असलेली काळी माती पाणी धरते, आणि ऑगस्टच्या खंडात पीक जास्त तग धरतं. हवामानासाठी करायचं काम आणि स्वतःच्या वावरासाठी करायचं काम इथे एकच आहे, म्हणून मी हे सगळ्यात आधी सांगतो.

कुटार चांगलं असेल तर जनावरांना घाला. बुरशी लागलेलं असेल तर ते खतात जाऊ द्या. गव्हांडा संत्र्याच्या किंवा लिंबाच्या आळ्यात चार बोटं जाड पसरा, उन्हाळ्यात एखादं पाणी वाचतं. तुराट्यांचं सांगायलाच नको. कुंपण, मांडव, चूल, त्यांना कामं पुष्कळ.

पऱ्हाटीचं काम अवघड. ती लाकडासारखी, लवकर कुजत नाही. शिवाय गुलाबी बोंडअळीचे कोष तिच्यावरच्या किडक्या बोंडांत राहतात, म्हणून ढीग वर्षभर धुऱ्यावर ठेवणंही बरोबर नाही. यासाठी फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर पाणी देऊन तीच कपाशी पुढे राखू नका. डिसेंबर-जानेवारीत कपाशी संपवा आणि पऱ्हाटी ओलसर असतानाच ट्रॅक्टरच्या श्रेडरनं तिची कुट्टी करून टाका. ओलसर पऱ्हाटीची कुट्टी सोपी होते आणि जमिनीतही ती लवकर कुजते. श्रेडर एकट्यासाठी घेणं परवडत नाही. तालुक्यातल्या अवजारे बँकेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत चौकशी करा, लागून असलेल्या वावरांतल्या चार-पाच जणांनी मिळून एकाच दिवशी बोलवा.

यंत्र मिळालंच नाही तर नाडेप. ही पद्धत आपल्याच भागातली. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, ती बसवली. कमी शेणात जास्त खत होतं हा तिचा मोठा गुण, कारण आता बहुतेक घरी बैलजोडी नाही आणि शेणाची चणचण आहे.

आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असं विटांचं टाकं बांधायचं. भिंत 9 इंचांची आणि तिच्यात हवा खेळायला मधूनमधून खिडक्या सोडायच्या. आधी भिंती आणि तळ शेणकाल्यानं, म्हणजे शेण कालवलेल्या पाण्यानं, ओले करा. मग सहा इंचांचा काडीकचऱ्याचा थर द्या, साधारण 100 किलोचा. पऱ्हाटी असेल तर वीतभर तुकडे करूनच घाला. त्यावर 4 किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडा. त्यावर 50-60 किलो चाळलेली कोरडी माती. मातीत प्लास्टिक, काच, गोटे नकोत. पुन्हा कचरा, पुन्हा शेणकाला, पुन्हा माती, असे अकरा-बारा थर देत टाक्याच्या वर दीड फूट झोपडीसारखा उतार येईपर्यंत भरत जायचं. सगळं भरणं एका दिवसात, फार तर दोन दिवसांत उरकलं पाहिजे. शेवटी शेण-मातीनं वरून लिंपून घ्या.

पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो. तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. लिंपणाला भेग पडली की शेणकाल्यानं ती बुजवा, नाहीतर आतली ओल उडून जाते आणि सगळी मेहनत वाया. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं. हातात घेतलं की भुरभुरीत लागतं, रंग गडद तपकिरी, आणि शेणाचा वास राहत नाही. फेब्रुवारीत भरलेलं टाकं जूनच्या पेरणीला बरोबर लागतं. विटांचा खर्च नको असेल तर पहिल्या वर्षी तुराट्यांच्या ताटव्यांचं टाकं करून पाहा.

गावात कोणी ना कोणी म्हणेलच, "माया वावरातलं म्या जाळलं, तुयं काय गेलं?" वाद घालू नका. जूनमध्ये त्याला आपल्या टाक्यावर बोलवा आणि एक टोपलं खत द्या.

जंगलालगतच्या गावांत आगीचा दुसरा प्रकार आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि तोच वणवा रानभर पसरतो. लहान रोपं, सरपटणारे जीव, जमिनीवरचं बी, सगळं त्यात जातं. पाचोळा झाडून एका बाजूला लावा, किंवा झाडाखाली जुनी लुगडी, शेडनेट अंथरा. फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ निघतात आणि वेचणारीची कंबरही वाचते. स्वच्छ फुलाला भावही बरा मिळतो.

एप्रिल-मे : छप्पर, पंखा आणि खड्डे

टिनाच्या किंवा स्लॅबच्या घरात दुपारी जीव घाबरा होतो. कूलर घेण्याआधी छपराला चुना द्या. कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळा, त्यात थोडं फेविकॉल घाला म्हणजे तो धरून राहतो. छप्पर झाडून धुऊन दोन हात मारा. पांढरं छप्पर ऊन परतवतं आणि आत दोन-चार अंशांचा फरक पडतो. गोठ्याच्या टिनालाही द्या, दुभतं जनावर उन्हानं दूध आखडतं. त्यावर पऱ्हाटीचा किंवा तणसाचा थर टाकला तर अजून चांगलं. मात्र चुलीच्या ठिणगीपासून तो लांब ठेवा.

विजेचं. आपल्या घरातली वीज कुठून येते हे विदर्भातल्या माणसानं मुद्दाम ध्यानात घ्यावं. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, कोळशावरचे एवढे मोठे वीज प्रकल्प आपल्याच अवतीभवती आहेत. त्यांची राख आणि धूर आपल्याच विहिरींवर, पिकांवर बसतो. देशाच्या सरासरीनं एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुना पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा 30 च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. जुना पंखा बिघडला की दुरुस्तीऐवजी हा घ्या. चालू पंखा फेकायची गरज नाही.

छत स्वतःच्या नावावर असेल आणि बिल नियमित येत असेल तर पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज करा. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार, 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. शेतीसाठी राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के वाटा भरावा लागतो. लोडशेडिंगमुळे रात्री साप-विंचवातून ओलीत करणाऱ्याला हा पंप म्हणजे सुटका आहे. पण एक काळजी घ्या. दिवसभर फुकट वीज मिळाली की पाणी सुटलेलंच राहतं आणि विहीर फेब्रुवारीतच आटते. सौर पंपासोबत ठिबक किंवा तुषार घ्याच.

मे महिन्यातच झाडांसाठी दीड-दोन फुटांचे खड्डे खणून ठेवा. उन्हानं खड्डा तापतो, किडी मरतात. जवळच्या तलावातला गाळ वावरात टाकायचाही हाच महिना. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गावाचं तलाव आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारा. मुरमाड, हलक्या वावरात गाळ सोन्यासारखा. भारी काळ्या जमिनीत टाकून मात्र फायदा नाही, उलट निचरा बिघडतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हजारोंच्या संख्येनं आहेत. तिकडच्या नवख्यानं झाडांआधी तलावाकडे बघावं. पाळ फुटली आहे का, काठाला बेशरमची झुडपं माजली आहेत का, बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पाणी आणणारा पाट कोणी बुजवला आहे का, हे एकदा चालत जाऊन पाहा. अर्जुनी मोरगाव भागात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि मासळी व पाखरं परत आली. असं काम मासेमारी संस्थेला सोबत घेऊनच करा, पाण्याची खरी जाण त्यांनाच असते.

जून : पहिलं पाणी घरीच थांबवा

पश्चिम विदर्भात वर्षाला साधारण 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो. 500 चौरस फुटांच्या टिनावर 750 मिलिमीटर पाऊस धरला तर सुमारे 35 हजार लिटर पाणी होतं, सांडलवंड सोडूनही 27-28 हजार लिटर. पन्हाळ लावा, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, म्हणजे छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण निघून जाते. त्यानंतरचं पाणी टाक्यात घ्या.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर हे सगळ्यात आधी करायचं काम आहे. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं, बोअर कितीही खोल नेला तरी तेच. तिथं छपरावरचं पाणी आणि शेततळं हाच गोडा साठा. बाकी ठिकाणी टाकं भरल्यावरचं पाणी गोटे, विटांचे तुकडे आणि रेतीच्या गाळणीतून विहिरीत सोडा. वावरातून वाहून आलेलं पाणी सरळ विहिरीत कधीच सोडू नका, त्यात फवारणीचं औषध असतं.

सांडपाण्यासाठी सगळीकडे शोषखड्डा सांगितला जातो. मुरमाड जमिनीत तो छान चालतो. भारी काळ्या मातीत मात्र पावसाळ्यात तो तुंबतो आणि डास होतात. तिथं न्हाणीचं पाणी केळी, अळू, शेवगा असलेल्या परसबागेत फिरवणं जास्त चांगलं.

वावरात उताराला आडवी पेरणी करा. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घेतलं तर जास्त पावसात पाणी सरीतून निघतं आणि खंडात वरंब्यातली ओल टिकते. पेरणीआधी घरच्या सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासा. ओल्या पोत्यावर 100 दाणे ओळीत मांडा, पोतं गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा, आठवड्यानं मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा, कमी उगवले तर बियाणं वाढवा.

झाडं आता. रोपवाटिकेची वाट बघू नका. जून-जुलैत निंबोळ्या पडतात, त्या आठ-दहा दिवसांत धुऱ्यावर लावल्या तर बहुतेक उगवतात. ठेवून दिल्या तर उगवणशक्ती जाते. मोहाच्या बियांचंही तसंच. धुऱ्यासाठी निंब, बाभूळ, बोर, सीताफळ, शेवगा, आंबा. दहाच लावा, पण पुढचे दोन उन्हाळे त्यांना पाणी देण्याची जबाबदारी नाव घेऊन घरातल्या माणसावर टाका. खोडाशेजारी बुडाला बारीक छिद्र असलेलं मडकं पुरून आठवड्याला भरलं की झाड तगतं. फोटोपुरत्या लावलेल्या शंभर रोपांतलं एकही मे पाहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जुलै ते सप्टेंबर : युरियाचं पोतं आणि धानाची बांधी

युरिया बनवायला नैसर्गिक वायू जळतो, आणि ओल्या जमिनीत जास्त टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या 270 पट ताकदीनं हवा तापवतो. सोयाबीन स्वतःच्या मुळांवरच्या गाठींत नत्र धरतं, त्याला वरून युरिया देऊ नका. कपाशीला द्यायचाच तर हप्त्यांनी, वाफसा असताना, डवऱ्यामागं (कोळप्यामागं) मातीआड करून द्या. वरून फेकलेला अर्धाअधिक हवेत नाही तर नाल्यात जातो.

सोबत एखाद्या एकरावर जीवामृत करून पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांमुळे ते देशभर गेलं. 200 लिटर पाणी, 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो, धुऱ्यावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून रोज दोनदा ढवळा. हे एका एकराला पुरतं. पहिल्याच वर्षी सगळं रासायनिक खत बंद करू नका, उत्पन्न पडलं तर घरचे पुढं तुम्हाला काही करू देणार नाहीत.

धानवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यात, सतत पाणी उभं राहिलं की चिखलातून हवा तापवणारा मिथेन वायू निघतो. रोवणीनंतर दोन आठवड्यांनी, ज्यांच्या हाती कालव्याचं किंवा तलावाचं पाणी आहे त्यांनी, बांधी आलटून पालटून ओली-कोरडी ठेवावी. पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या, त्याला खालच्या बाजूनं छिद्रं पाडा, वीतभर खाली जाईल असा चिखलात रोवा आणि आतली माती काढा. आतलं पाणी जमिनीच्या 15 सेंटिमीटर खाली गेलं की मगच पाणी द्या. धान निसवायच्या वेळी मात्र पाणी तोडू नका. मिथेन घटतो, तलावाचं पाणीही शेवटच्या टोकाच्या बांधीपर्यंत पोचतं.

दिवाळीनंतर : गोबरगॅस आणि पंगत

घरी चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस बसतो. त्याला रोज 50 किलोच्या आसपास शेण आणि तितकंच पाणी लागतं, पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो, आणि बाहेर पडणारी मळी गोवऱ्यांच्या राखेपेक्षा कितीतरी चांगलं खत असते. जनावरं कमी असतील तर या फंदात पडू नका. बंद पडलेले गोबरगॅस गावोगावी दिसतात, ते बहुतेक शेण कमी पडल्यानेच.

लग्नं, तेरव्या, भंडारे यांच्यानंतर थर्माकोल आणि प्लास्टिकचा ढीग गावाबाहेर पेटतो. गावच्या महिला बचत गटानं दोन-तीनशे स्टीलची ताटं, वाट्या, पेले घेऊन भांडी बँक सुरू करावी. दर ताटामागे थोडं भाडं, फुटतूट झाली तर भरपाई, आणि भांडी घासणाऱ्या बायांना वेगळी मजुरी हे आधीच ठरवा. मजुरीचं ठरलं नाही तर काम पुन्हा त्याच चार बायांच्या अंगावर पडतं. ताटं कमी पडली तर पळसाच्या पत्रावळी आहेतच.

ग्रामसभेत विषय कसा आणायचा

घरच्या दोन-तीन गोष्टी जमल्या की ग्रामसभेत या. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती 15 टक्के मतदारांची किंवा 100 जणांची, यातली जी कमी ती. त्याआधी महिला सभा असते. पाण्याचा, चुलीचा, भांडी बँकेचा विषय तिथंच आधी मांडून घ्या, मग ग्रामसभेत त्याला जोर येतो.

तोंडी बोलून काही होत नाही. सभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या, पोच घ्या, विषयपत्रिकेवर विषय आला का ते बघा. पहिला ठराव साधा ठेवा : शिवारात काडीकचरा जाळायचा नाही आणि त्याऐवजी श्रेडरची सोय ग्रामपंचायत करील. नुसती बंदी लोक मानत नाहीत, सोय दिली तर मानतात. राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान 2020 पासून चालू आहे आणि भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गावांना गुण मिळतात. आपली ग्रामपंचायत त्यात आहे का हे विचारलं की सरपंचही कान देतात. जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असते, तिची शेवटची बैठक कधी झाली तेही विचारा.

जंगलालगतच्या गावांना वनहक्क कायदा 2006 चा आधार आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. वणवा विझवायला तिथं वनरक्षकाची वाट बघावी लागत नाही, कारण जंगल आपलं आहे हे गावाला ठाऊक आहे. तुमच्या गावाचा दावा मंजूर झाला आहे का, नसेल तर उपविभागीय समितीकडे कुठं अडकला आहे, हे आधी शोधा.

सभा संपल्यावर ठराव इतिवृत्तात नोंदला गेला का ते वाचून पाहा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. पुढच्या सभेत त्याच प्रतीवर बोट ठेवून विचारता येतं, श्रेडर आला का?